एकाच शेतकऱ्याचे तीन काटे, व्हीलूकअप दाखवते एकच

आमच्याकडे एकच शेतकरी दिवाळीच्या वेच्यापासून फरदडीपर्यंत (हंगामाच्या शेवटच्या कापसापर्यंत) तीन-चारदा कापूस आणतो. एक्सेलसारख्या शीटमधल्या चुकाऱ्याच्या (कापसाच्या पैशांच्या) यादीत त्याचा खाते नंबर टाकला की व्हीलूकअप (नंबरावरून माहिती शोधून देणारी आज्ञा) पहिल्या काट्याचंच वजन दाखवते, बाकीच्या गाड्या गायब! तिला पहिली जुळणी सापडली की ती पुढं बघतच नाही.

उपाय सोपा आहे. एका जास्तीच्या रकान्याचं काम.

१. सगळ्यात डावीकडं नवा रकाना घाला. आता बी मध्ये खाते नंबर, सी मध्ये तारीख, डी मध्ये क्विंटल.

२. ए२ मध्ये हे लिहा (अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजी):
=बी२&"_"&काउंटिफ(बी$२:बी२,बी२)
डॉलर फक्त पहिल्या २ च्या आधी. मग खालपर्यंत ओढा. खातं १२ असेल तर १२_१, १२_२, १२_३ असं आपोआप पडतं.

३. दुसरा काटा हवा असेल तर:
=व्हीलूकअप("१२_२",ए:डी,४,०)

नुसती बेरीज हवी असेल तर एवढा खटाटोप करूच नका, =समिफ(बी:बी,१२,डी:डी) पुरे.

मधली खूण म्हणून हायफन (-) ठेवू नका. मी ठेवली होती. शोधायच्या चौकटीत १२-२ टाइप केलं आणि शीटनं त्याची तारीख करून टाकली. अर्धा तास फुकट गेला.

आणि नावावरून शोधू नका. गावात एकाच नावाचे दोघं निघतात आणि एकाचा चुकारा दुसऱ्याच्या खात्यावर दिसतो.