फोटोतला मजकूर टाइप करत बसू नका

व्हॉट्सॲपवर कोणी पासबुकाचा फोटो पाठवतो आणि आपण आयएफएससी कोड एकेक अक्षर बघून टाइप करतो. कागदी वीजबिलावरच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकाचंही तेच. गुगल ॲपमधलं लेन्स हे काम करून देतं, वेगळं ॲप नको.

१. गुगल ॲप उघडा. सर्च पट्टीत माइकशेजारी कॅमेऱ्याचं चिन्ह दिसेल, ते दाबा.
२. कागद समोर असेल तर कॅमेरा रोखून फोटो काढा. फोटो आधीच फोनमध्ये असेल तर तिथूनच गॅलरीतला निवडा, स्क्रीनशॉटही चालतो.
३. हव्या मजकुरावर बोट दाबून धरा, दोन्ही टोकं ओढून तेवढाच भाग निवडा आणि कॉपी करा.

छापील मराठीही बऱ्यापैकी उचलली जाते. सुवाच्य हस्ताक्षर कधी जमतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीकडून मात्र आशा ठेवू नका! विजापूर-हुबळीकडे जाणार असाल तर लेन्समध्येच भाषांतराचा पर्याय निवडा, कन्नड पाटी मराठीत वाचता येते. मला स्वतःला कॉपीपेक्षा हेच जास्त कामाला येतं.

पेस्ट केल्यावर एकदा मूळ फोटोशी ताडून पाहा. शून्य आणि इंग्रजी ओ यांत गफलत होते. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्यच असतं, तिथे ओ दिसला तर बदला.