वरच्या जबड्यात हाड कमी असेल तर इम्प्लांटआधीची तयारी

‘वरच्या जबड्यात हाडच राहिलं नाही’ असं दाताचा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दाताचा स्क्रू, बसवायला गेल्यावर डॉक्टर म्हणाले की इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपल्या घरांत एक तर विषय बंद होतो, नाहीतर घाईघाईनं ॲडव्हान्स भरला जातो. दोन्ही करू नका. आधी आकडा विचारा. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्या आणि जिथं दात बसवायचा तिथं हाडाची उंची-रुंदी किती मिलिमीटर आहे ते लिहून मागा. पूर्ण जबड्याच्या साध्या, सपाट ओपीजी एक्स-रेमध्ये रुंदी दिसतच नाही. दाढा काढल्यावर हाड खालून झिजतं आणि वरून सायनसची, म्हणजे नाकाशेजारची गालामागची हवेची, पोकळी खाली उतरते, म्हणून मागच्या बाजूला कधीकधी ३-४ मिलिमीटरच उरतं.

८ ते १० मिलिमीटर उंची असेल तर बहुधा सरळ इम्प्लांट बसतो. थोडी कमी असेल तर आखूड इम्प्लांट चालतो, किंवा इम्प्लांटसाठी केलेल्या भोकातूनच सायनसचा पडदा जरासा उचलतात. ४-५ च्या खाली गेलं की बहुतेकदा बाजूनं हाडात खिडकी करून सायनस लिफ्ट, म्हणजे तो पडदा वर उचलणं, खाली हाडाची भर आणि मग काही महिन्यांची वाट, बऱ्याचदा ६ ते ९. त्यानंतर इम्प्लांट हाडात धरायला आणखी काही महिने लागतात. सगळेच दात गेले असतील आणि हाड फारच थोडं असेल तर गालाच्या हाडात रोवायचे झायगोमॅटिक इम्प्लांट असतात. ते ३० मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात. हे मोठं ऑपरेशन आहे, म्हणून ते नेहमी करणाऱ्या मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या, सर्जनकडेच जावं. तुम्हाला एकच मार्ग सांगितला असेल तर स्कॅनची फाईल मागून घ्या, नुसती प्रिंट नको, आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. इंदुरात शासकीय दंत महाविद्यालयही आहे.

भर कशाची घालणार, हेही आधीच विचारा. नेहमीची हाडाची पावडर पुष्कळदा गाई-बैलांच्या हाडापासून बनते, वर घालायचा कोलॅजनचा पडदा गुरांचा किंवा डुकराचा असू शकतो. पूर्ण कृत्रिम पावडरही मिळते, आणि स्वतःच्याच जबड्यातून हाड घेता येतं. रोज गाईला घास देणाऱ्या आजीला हे ऑपरेशननंतर कळावं, हा तिच्यावर अन्याय आहे. निर्णय तिचा.

औषधांची पिशवी सोबत न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून घेतलेलं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी टोचलेलं डेनोसुमॅब सांगायचं हमखास राहून जातं, कारण ती रोजची गोळी नसते. यांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. पण इंजेक्शन स्वतःहून चुकवू नका, विशेषतः डेनोसुमॅब, कारण ते थांबलं की मणक्याची हाडं मोडू शकतात. रक्त पातळ करणारी गोळीही तशीच, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट हवा. तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगरेट हे सगळं आधीच बंद. हे जमणार नसेल तर भर घालण्याचा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाक वारंवार चोंदत असेल, गालात दुखत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

तारीख घरातलं कार्य आणि विमानप्रवास टाळून घ्या. सायनस लिफ्टनंतर दोन-तीन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉनं प्यायचं नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत कपालभाती, भस्त्रिका, जलनेती आणि आरतीचा शंखही बंद. जुनी कवळी भरीवर दाबली जाते, म्हणून ती कधीपासून घालायची आणि आतून मऊ अस्तर लावून मिळेल का, ते विचारून ठेवा. नाहीतर कवळी नाही म्हणून आजोबा चारचौघांत बोलायचेच थांबतात.

स्वयंपाकघरात मुगाची खिचडी, वरण-गुरगुट्या भात, दही, पनीर यांची सोय ठेवा. पोहे मऊ आणि कोमट चालतील, पण शेव आणि वर भुरभुरायचा जिरावण मसाला नको.

निघताना डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर घ्या. न थांबणारं रक्त, वाढत जाणारी सूज, ताप, किंवा पाणी पिताना ते नाकातून येणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता फोन करा. इम्प्लांट बसल्यावर त्याची कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो मुलांच्याही फोनमध्ये ठेवा. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना त्याच कार्डावरून नेमका भाग मागवता येतो.