नव्या हार्ड डिस्कचा आवाज: सीपीयू उघडण्याआधीची तयारी

“भाऊ, नवी हार्ड डिस्क बसवली अन् थे टकटक करून राह्यली,” असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: त्यातलं सगळं अजून दुसरीकडे आहे का? नसेल तर पेचकसाला हात लावायचा नाही. आधी कामाचं ते उतरवून घ्यायचं, सातबारा, पीककर्जाचे कागद, फोटो. गाणी आणि सिनेमे शेवटी. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर तिचे उरलेले तास तपासणीत घालवू नयेत.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईत नव्या डिस्कवर एका लग्नाचे फोटो उतरवले आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी मेमरी कार्ड रिकामं केलं. डिस्क पहिल्या दिवसापासून टक-टक करत होती. नवी आहे, होईल शांत, असं मी धरून चाललो. आठव्या दिवशी ती कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. नवरीच्या आजीचा शेवटचा चांगला फोटो त्यातच होता. त्या घरी जाऊन ते सांगणं मला आजही जड वाटतं. तेव्हापासून नवी डिस्क पूर्ण तपासून होईपर्यंत मी कार्ड पुसत नाही.

डेटा उतरला की बिलाची तारीख आणि माल परत करण्याची मुदत पाहून घ्या. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूची मुदत बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते, आणि त्यातला एक दिवस तपासणीत जाणार आहे.

तपासणीचा दिवस लाइनच्या वेळापत्रकावरून ठरवा. डिस्कची पूर्ण चाचणी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक जागा वाचणं. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात. मध्येच लाइन गेली तर चाचणी वाया जाते, शिवाय डिस्कच्या डोक्यांना, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकांना, घाईने जागेवर परतावं लागतं आणि त्याचा एक मोठा ‘टक्’ येतो. तो आवाज बिघाडाचा नाही, पण रोज होऊ देण्यासारखाही नाही. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघा. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगभोवतीची ओल निघून जाते. खड्ड्यात पाणी ओतण्याचं काम आपल्याकडे सगळेच विसरतात.

सामान फार लागत नाही. फुलीचा पेचकस, टॉर्च, सुका मऊ ब्रश, सॅटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) एक चांगली जादा केबल, आवाज टिपायला मोबाइल आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे. स्क्रू मात्र जपून निवडा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे लागतात. डीव्हीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे घुसवले तर आटे मरतात, डिस्क ढिली राहते आणि थरथरते. उघडण्याआधी प्लग काढा आणि पत्र्याच्या उघड्या भागाला हात लावून अंगातली वीज उतरवा.

आता प्लग परत लावून ऐकायचं काम, आणि इथे घाई नको. निम्म्या वेळा आवाज डिस्कचा नसतोच. नवी डिस्क बसवताना सरकलेली एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागते आणि सुरू होते करकर. ट्रॅक्टरचा मिस्त्री बेअरिंग ऐकायला पान्याचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावतो, तसंच करा, पण लोखंडाऐवजी कोरडी लाकडी काडी घ्या. ती डिस्कच्या बाजूच्या धातूला टेकवा. खालच्या हिरव्या किंवा निळ्या पट्टीला नाही, आणि पंख्यापासून लांब.

एकसारखी घूं म्हणजे फिरण्याचा आवाज. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी) डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि तीच थरथर पातळ पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये डफासारखी घुमते. त्यावर ट्यूबच्या तुकड्यांचा उपाय आहे: डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये ते घाला, फक्त डिस्कवरचं श्वासाचं छोटं छिद्र असेल तर झाकू नका. फाइल उघडताना होणारी बारीक खरखर हे डोकी इकडून तिकडे धावण्याचं काम. नव्या डिस्कवर विंडोज सगळ्या फाइलींची अनुक्रमणिका बनवतं, अँटिव्हायरस चाळून बघतो, म्हणून पहिले काही दिवस ही खरखर जास्त असते. काही मोठ्या डिस्क काम नसताना दर पाचेक सेकंदांनी हलकासा ‘ठक्’ करतात. झीज एकाच जागी होऊ नये म्हणून त्या डोकी हलवतात, तेव्हा तोही दोष नव्हे.

भीती धरावी असे आवाज वेगळे. एका ठेक्यात टक-टक-टक आणि मग फिरणं थांबून पुन्हा सुरू होणं. दगडावर विळा घासल्यासारखी घरघर. किंवा बारीक पीं-पीं करत फिरायचा नुसता प्रयत्न. घरघर असेल तर तिथेच बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका. बाकी दोन्ही आवाजांना एकदाच संधी द्या: एसएमपीएसची, म्हणजे सीपीयूतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची, दुसरी वायर लावा, मधला स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) काढून टाका. वीज कमी पडली तरी डिस्क असंच करते.

डिस्क कॉम्प्युटरला दिसत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. लिनक्सवर त्यासाठी स्मार्टसीटीएल आहे. तिथले सगळे आकडे वाचू नका, चार बघा. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, सी५ म्हणजे संशयित जागा, सी६ म्हणजे वाचताच न आलेल्या. नव्या डिस्कमध्ये या तिन्हींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ मोजलेला आकडा, शून्यच हवी. मी एकसुद्धा चालवून घेत नाही. चौथा सी७, तो वाढत असेल तर बहुधा केबलचा दोष, डिस्कचा नाही. सीगेटच्या डिस्कवर रीड एरर रेटची रॉ व्हॅल्यू प्रचंड दिसते, तिला घाबरू नका, ती त्यांची मोजण्याची रीत आहे. मग पूर्ण चाचणी लावा आणि झाल्यावर तेच चार आकडे पुन्हा बघा.

तापमानही तिथेच दिसतं. घरच्या डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश असते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर, खोलीत ४०, आणि बंद कॅबिनेटमध्ये डिस्क त्याहून दहा-पंधरा अंश वर. म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ. म्हणून कॉम्प्युटर कूलरसमोर ठेवू नका मात्र. आमचा पट्टा खारपाणाचा, कूलरच्या गवतावर मिठाचा पांढरा थर बसतो. त्याचे तुषार आत गेले तर पिना गंजतात, आणि कूलरची थरथर टेबलातून डिस्कपर्यंत पोचते ती वेगळीच. भिंतीपासून वीतभर सोडा आणि पुढच्या पंख्यावरची कापसाची रुई काढा.

डिस्क सदोष निघाली तर आवाजाचं रेकॉर्डिंग, त्या आकड्यांचा फोटो, बिल आणि सिरियल नंबर एकत्र ठेवा. बदलून मिळणारी डिस्क रिकामी असते, जुनीतला डेटा परत येत नाही. सदोष डिस्क अँटिस्टॅटिक (अंगातल्या विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत घालून चारही बाजूंनी दोन बोटं जाडीचा फोम लावा. अमरावतीला न्यायची असेल तर एसटीच्या वरच्या रॅकवर टाकू नका, मांडीवर धरा.