तह आधी लिहा, स्वारी मग करा

युरोपा युनिव्हर्सालिस या संगणकावरच्या राज्यकारभाराच्या खेळाचा चौथा भाग हातात आला की आपल्याकडचा नवा खेळाडू सहसा नकाशा थेट दख्खनवर नेतो आणि बहमनी सल्तनत निवडतो. मुलूख ओळखीचा, दक्षिणेला विजयनगरसारखा तगडा शत्रू, आणि तारीख 11 नोव्हेंबर 1444, म्हणजे दसरा उलटून मोहिमांचा हंगाम सुरू झालेला. आदल्याच वर्षी दुसरा देवराय कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबासाठी बहमनींशी लढला होता, त्यामुळे भांडणही तयारच मिळतं. (पाचवा भाग 1337 मध्ये सुरू होतो. तेव्हा बहमनी राज्य जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून या मोहिमेसाठी चौथाच भाग बरा.)

मी नव्या लोकांना खेळ शिकवताना सैन्याला हात लावू देत नाही. पॉज करायचं, कागद घ्यायचा आणि युद्ध संपल्यावर तहात कोणते प्रांत मागणार ते लिहायचं. नावं लिहायची, 'जमेल तेवढे' नाही. सैन्य किती, वेळ कोणती, दोस्त कोण, हे सगळं या यादीवरून ठरतं.

उदाहरण घेऊ. समजा यादीतल्या प्रांतांची डेव्हलपमेंट (प्रांत किती संपन्न त्याचा आकडा) मिळून 30 भरते. जिंकलेला प्रांत आपला करून घ्यायला, म्हणजे कोअर करायला, एका डेव्हलपमेंटमागे साधारण 10 प्रशासकीय पॉइंट लागतात. झाले 300. आधी क्लेम (प्रांतावरचा दावा) केलेला असेल तर दहा टक्के सूट, म्हणजे 270. आता महिन्याला येतात किती? मुळातले 3, राजा बेताचा असेल तर त्याचे 3, स्वस्तातल्या सल्लागाराचा 1. एकूण 7. म्हणजे चार-पाच प्रांत पचवायला सव्वातीन वर्षांची कमाई, आणि त्याच पॉइंटांतून प्रशासकीय तंत्रज्ञानही घ्यायचं असतं. तलवारीने अर्धं विजयनगर घेता येतं हो, पण ते पचत नाही. ओव्हरएक्स्टेन्शन (न पचवलेल्या मुलखाचा बोजा) 100 च्या वर गेलं की एकामागून एक वाईट घटना येत राहतात आणि बंडखोर तुमच्याच मुलखात फिरतात.

दुसरा हिशेब शेजाऱ्यांच्या रागाचा. दर प्रांतामागे अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन वाढतं, आणि एखाद्या देशाच्या मनात ते 50 च्या पुढे गेलं की तो तुमच्याविरुद्धच्या देशांच्या आघाडीत, म्हणजे कोअ‍ॅलिशनमध्ये जाऊ शकतो. वर्षाला ते साधारण 2 ने उतरतं. तहानंतरचा ट्रूस (युद्धबंदी) वॉरस्कोरनुसार (युद्धात कमावलेले, तहात खर्च होणारे गुण) 5 ते 15 वर्षांचा. म्हणून पहिल्या मोहिमेत हावरटपणा नको. लहान तह केला तर ट्रूसही लवकर संपतो.

मग यादीत काय असावं? पहिल्या स्वारीत मी दोनच गोष्टी बघतो: सीमेवरचा किल्ला आणि गोवा. किल्ला अशासाठी की पुढच्या युद्धात तोच वेढा पुन्हा घालावा लागत नाही, शत्रूची पहिली फळी आपली झालेली असते. गोवा अशासाठी की पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर हवंच. इतिहासात महमूद गवानने गोवा 1472 मध्ये घेतला. खेळात तेवढं थांबायचं कारण नाही.

यादी झाली की हेर पाठवा. हेरांचं जाळं 20 वर पोहोचलं की एक क्लेम तयार करता येतो. क्लेमशिवाय युद्ध पुकारलंत तर स्थैर्य दोन पायऱ्या खाली येतं आणि ते भरून काढायला पुन्हा प्रशासकीय पॉइंटच जातात. क्लेम 25 वर्षं टिकतो, तेव्हा घाई नाही.

हेर काम करत असताना ओडिशाच्या गजपतींकडे बघा. विजयनगरशी त्यांचं बिनसलेलं असेल तर मैत्री जमते आणि शत्रूला दोन आघाड्यांवर लढावं लागतं. पण नुसत्या मैत्रीच्या भरवशावर राहू नका. युद्ध पुकारायच्या खिडकीत प्रत्येक दोस्ताच्या नावापुढे येणार की नाही याची खूण असते, तिच्यावर कर्सर नेलात की कारणंही दिसतात. दोस्त कर्जात असेल, लांब असेल, जमिनीचं आश्वासन मागत असेल. त्याच खिडकीत शत्रूच्या बाजूने कोण उतरणार तेही दिसतं. आणि उत्तरेला गुजरात, माळवा आहेतच. तुमची फौज तुंगभद्रेवर गुंतली की त्यांची नजर तुमच्या मोकळ्या सरहद्दीवर जाते.

वेळ कोणती साधायची? लेजर (सगळ्या देशांच्या आकडेवारीचं पान) उघडा, विजयनगरची मॅनपॉवर (भरतीसाठी उरलेली माणसं) आणि कर्ज बघा. ते दुसऱ्या कुठल्या युद्धात दमले असतील तर उत्तम. लष्करी तंत्रज्ञान तुमचं एक पायरी पुढे असेल तर त्याहून उत्तम. बरोबरीत असताना मी सहसा थांबतो.

लढाईबद्दल फार सांगत नाही, पण नदीचं सांगायलाच हवं. दोन्ही बाजूंचा फासा 0 ते 9. नदी ओलांडून हल्ला केला की त्यातून 1 वजा, डोंगराळ मुलूख असेल तर आणखी. इथे आक्रमक म्हणजे युद्ध पुकारणारा नव्हे, त्या प्रांतात नंतर पोहोचणारा. म्हणून खेळाचा वेग दोनवर ठेवा, आपल्या काठावर फौज उभी करा आणि शत्रूला नदी उतरून येऊ द्या. एक मेख आहे: शत्रूच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेले असताना सुटकेची फौज आली, तर डोंगराळ मुलखाची फाशातली वजाबाकी तुमच्या वाट्याला येते. डोंगरी किल्ल्याला वेढा घालण्याआधी शत्रूची मुख्य फौज मोडलेली बरी, ती यामुळे.

वेढा रटाळ असतो. तीस दिवसांनी एकदा फासा पडतो, आणि तोफा लष्करी तंत्रज्ञानाच्या सातव्या पायरीवर मिळतात, म्हणजे पहिल्या स्वारीत तोफा नाहीतच. किल्ल्याच्या पातळीप्रमाणे लागणारी माणसं तेवढी ठेवा, बाकीची फौज शेजारच्या प्रांतात. सगळी एकाच जागी कोंबली तर रसद पुरत नाही आणि महिन्यागणिक माणसं गळतात. मॅनपॉवर खरी संपते ती इथे. लढाया उगाच बदनाम.

यादीतले प्रांत ताब्यात आले आणि तहाच्या खिडकीत हिरवी खूण दिसली की सही करा. अशा वेळी नवा खेळाडू हमखास म्हणतो, 'अजून सहा महिने ओढू, आणखी दोन प्रांत मिळतील.' मिळतीलही, पण कागदावरचे 270 पॉइंट आठवा. वॉरस्कोर उरला असेल तर प्रांतांऐवजी रोकड मागा. तिने कर्ज फिटतं.

सही झाल्या दिवशीच कोअर करायला लावा, भाडोत्री सैन्य मोडा, सैन्याच्या खर्चाची पट्टी खाली ओढा आणि ट्रूस संपायची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा. हेरांना मात्र परत बोलावू नका. त्यांना पुढच्या यादीवर लावा.