काल्पनिक जगातली लघुकथा अडते कुठे? या चुका टाळा

नदी फक्त रात्री वाहते असं एक गाव मी मध्यंतरी रचलं. दिवसा पात्र कोरडं ठणठणीत, दिवेलागण झाली की पाणी. मग नकाशा काढला, सात राजांची वंशावळ लिहिली, सणवार ठरवले. दिवाळी अंकासाठी कथा पाठवली ती ३,००० शब्दांची, आणि त्यातले पहिले ८०० इतिहासातच खर्ची पडले होते. कथा साभार परत. बरोबर एक ओळ: 'गोष्ट कुठून सुरू होते?'

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जग आधी बांधायचं आणि मग त्यात राहायला माणूस शोधायचा. कादंबरीत हा थाट खपतो, लघुकथेत जागाच नसते. अमेरिकन लेखिका अर्सुला ली ग्विन यांनी आपल्या 'अर्थसी' या काल्पनिक बेटांवरच्या दोन लघुकथा १९६४ साली छापल्या. त्या जगातली पहिली कादंबरी आली १९६८ मध्ये. म्हणजे गोष्टी आधी, पसारा नंतर.

उपाय साधा आहे, पण जिवावर येतो: त्या जगाचा एकच नियम ठेवा आणि तो कुणाला जाचतो ते पाहा. माझ्या गावात तो परटिणीला जाचतो. कपडे धुवायचे रात्री, वाळवायचे उन्हात. मग ती झोपते कधी? हा प्रश्न पडला तशी कथा हलली. सात राजांपैकी सहा गेले. सातवा एका घाटाच्या नावापुरता उरला, आणि तेवढा पुरतो.

आता नावं. 'झ्रेल्थॉक्स' कागदावर भारदस्त दिसतं. पण मराठीत नावाला विभक्ती लागते, हे आपण विसरतो. 'झ्रेल्थॉक्सच्याकडून' असं मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळेल. पुणे-पुण्याला, सातारा-साताऱ्यात अशी आपली गावं वाक्यात वळतात. मी गावाचं नाव 'निशोरे' केलं, तर 'निशोऱ्याला जाते' हे आपोआप आलं आणि गाव खरं वाटायला लागलं. नाव पक्कं करण्याआधी ला, ने, चा, त लावून पाहाच. नव्या प्राण्याचं किंवा वस्तूचं लिंगही तेव्हाच ठरवा. माझा एक प्राणी दुसऱ्या पानावर 'तो' होता, पाचव्यावर 'ते'.

भाषा आणखी एका ठिकाणी दगा देते. दोन चंद्रांच्या जगात पात्र 'सोमवारी ये' म्हणालं, तर सोम कुठला, थोरला की धाकटा? जिथे रेल्वे नाही तिथे कुणाचा संसार रुळावर येत नाही, वीज नसेल तर डोक्यात ट्यूब पेटत नाही. पहिला खर्डा झाला की फक्त असे वाक्प्रचार शोधण्यासाठी तो एकदा वाचा. उलट मराठी फुकट देते तेही घ्या. तू, तुम्ही, आपण यातून कोण कुणाच्या वर आहे ते एका संवादात कळतं. मामाचा शब्द बापाच्या वर चालतो एवढं दाखवलं, तर तिथली कुटुंबव्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'तुला माहीतच आहे की आपल्याकडे...' असं वाक्य कुणाच्या तोंडी आलं की खोडा. माहीत आहे तर सांगतोय कशाला?

शेवट जमत नसला की नवा मंत्र, नवी शक्ती काढायचा मोह होतो. अशा वेळी शेवटाशी झटापट न करता पहिल्या पानावर जा. सुटका करणारी गोष्ट तिथे आधीच दिसायला हवी, वरवर किरकोळ वाटेल अशी. नसेल तर तिथे पेरा, किंवा सुटका नकोच.

माझी कथा अजून पुरी व्हायची आहे. पहिली ओळ मात्र सापडली: 'पाणी आलं तेव्हा परटिणीचा डोळा लागला होता.' दुसरी चार वेळा खोडून झाली आहे.