कॅनडात चाइल्ड बेनिफिटचा अर्ज भरण्याआधी काय काय जमवून ठेवावं

कॅनडात आलेल्या मराठी घरांमध्ये एक समज पक्का बसलेला दिसतो: सरकारी मदत ही गरिबांसाठी, आपण नोकरीवाले, आपल्याला कोण देणार? या समजापायी कितीतरी कुटुंबं पहिलं वर्ष अर्जच करत नाहीत आणि मुलांच्या हक्काचे हजारो डॉलर मागे राहतात. कॅनडा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे सगळे ज्याला सीसीबी म्हणतात ते, १८ वर्षांखालील मुलं असलेल्या घराला दर महिन्याला मिळतं. त्यावर कर लागत नाही. किती मिळणार ते नवरा-बायकोच्या एकत्र उत्पन्नावर ठरतं.

आधी पात्रता तपासा. मूल तुमच्यासोबत राहत असलं पाहिजे आणि करासाठी तुम्ही कॅनडाचे रहिवासी असला पाहिजेत. दोघांपैकी एकाकडे जरी पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) किंवा नागरिकत्व असलं तरी चालतं. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर असाल, तर सलग १८ महिने कॅनडात राहून १९व्या महिन्यात वैध परमिट हातात लागतं. म्हणून परमिटची मुदत आणि १९वा महिना या दोन्ही तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. परमिट संपत आलं असेल तर नूतनीकरण वेळेत करा आणि नवी प्रत सीआरएला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, पाठवा. नाहीतर सुरू असलेले पैसेही थांबतात.

अर्ज आईच्या नावाने करायचा. आई-वडील एकाच घरात राहत असतील तर मुलाची मुख्य देखभाल आई करते असं कर खातं धरून चालतं, त्यामुळे वडिलांनी केलेला अर्ज उगाच अडकतो. आईचा सिन नंबर (कॅनडातला सामाजिक विमा क्रमांक) आधी काढून घ्या आणि तिच्या नावाचं बँक खातं उघडा. पैसे दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास थेट खात्यात येतात.

नव्याने आलेल्यांना आरसी-६६ हा मुख्य फॉर्म आणि त्यासोबत आरसी-६६-एससीएच ही पुरवणी भरावी लागते. मुलाचा जन्म भारतातला असेल तर जन्माचा पुरावा जोडावा लागतो. इथे बऱ्याच जणांची धावपळ होते, कारण नगरपालिकेच्या जुन्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. दाखला नीट करून घ्यायला गावाकडे कुणाला पळवण्याआधी मुलाचा पासपोर्ट पाहा. तोही पुरावा म्हणून चालतो आणि त्यावर आई-वडिलांची नावंही असतात.

आता उत्पन्न. सगळ्यात जास्त वेळ याला द्या, कारण चुका इथेच होतात. पुरवणीत कॅनडात येण्याआधीचं उत्पन्नही विचारतात: आलात त्या वर्षातला आधीचा भाग आणि त्यापूर्वीची दोन वर्षं, दोघांचंही, जगात कुठेही मिळालेलं. भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, कॅनडातलं जानेवारी ते डिसेंबर. फॉर्म १६ वरचा आकडा जसाच्या तसा उतरवला की हिशेब चुकला. २०२४ या वर्षासाठी जानेवारी ते मार्चचा पगार एका फॉर्म १६ मध्ये असतो आणि एप्रिल ते डिसेंबरचा पुढच्यात. फॉर्म १६ वर महिन्यांची फोड नसते, म्हणून पगाराच्या पावत्या काढा. त्या सापडत नसतील तर २६एएस, म्हणजे भारतातल्या आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता, उघडा, त्यात कंपनीने कोणत्या तारखेला किती रक्कम दिली हे ओळीने दिसतं. उत्पन्नात फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याज धरायला विसरू नका. एनआरई खात्याच्या, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या बँक खात्याच्या, व्याजावर भारतात कर नसला तरी कॅनडाचे रहिवासी झाल्यावर ते इथल्या उत्पन्नात धरावंच लागतं.

एक उदाहरण मांडून पाहू. पुण्यातलं आयटीमधलं जोडपं, मुलं ४ आणि ९ वर्षांची, २०२४ मधलं दोघांचं मिळून उत्पन्न ३८ लाख रुपये. त्या वर्षीचा सरासरी दर साधारण ६१ रुपयांना एक कॅनेडियन डॉलर, म्हणजे झाले सुमारे ६२,००० डॉलर. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी ६ वर्षांखालील मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ आणि ६ ते १७ वयाच्या मुलाला ६,७४८ डॉलर, दोघांचे १४,७४५. उत्पन्न ३७,४८७ डॉलरच्या वर गेलं की कपात सुरू होते आणि दोन मुलं असतील तर वरच्या रकमेच्या १३.५ टक्के कापतात. इथे वरची रक्कम २४,५१३, कपात सुमारे ३,३०९. हाती येतात ११,४३६, म्हणजे महिन्याला साधारण ९५३ डॉलर. घरभाड्याचा केवढा तरी भार यातून हलका होतो! ८१,२२२ डॉलरच्या पुढे कपातीचा दर आणखी कमी होतो. त्यामुळे दोघांचे पगार चांगले असले तरी काहीतरी मिळतं, हिशेब न करता सोडून देऊ नका.

नवरा भारतात किंवा आखातात नोकरीला आणि आई मुलांना घेऊन कॅनडात, अशी घरंही बरीच आहेत. त्यांनी नवऱ्याचं उत्पन्न सीटीबी-९ या फॉर्मवर दरवर्षी कळवायचं असतं. ते लपवलं आणि पुढे उघड झालं तर दिलेले पैसे कर खातं परत वसूल करतं.

पुढच्या वर्षांसाठी एकच काम, पण ते चुकवून चालत नाही: दोघांनीही ३० एप्रिलच्या आत रिटर्न भरायचं. ‘मी घरीच असते, मला कमाईच नाही, मी कशाला भरू?’ असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका आहेत, आणि नेमक्या त्यांच्याच खात्यात जुलैपासून पैसे यायचे बंद होतात. उत्पन्न शून्य असलं तरी शून्याचं रिटर्न भरा. पैसे देऊन भरून घ्यायची ऐपत नसेल, तर कमी उत्पन्नाच्या आणि साध्या रिटर्नसाठी स्वयंसेवकांची मोफत शिबिरं असतात, तिथे निःसंकोच जा. त्याच रिटर्नवर जीएसटी क्रेडिट, म्हणजे विक्रीकराच्या बदल्यात कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी रक्कम, ठरतं, आणि ऑन्टारिओ प्रांतात राहत असाल तर तिथलं चाइल्ड बेनिफिटही सीसीबीसोबतच येतं.

रिटर्न भरताना पाळणाघराच्या पावत्या हाताशी हव्यात. हा खर्च सहसा कमी उत्पन्न असलेल्या जोडीदाराच्या नावावर दाखवतात. त्याने कर तर कमी होतोच, सीसीबीसाठी धरलं जाणारं उत्पन्नही खाली येतं. आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाकलेल्या पैशांचंही तसंच: वरच्या कुटुंबाने ५,००० डॉलर टाकून वजावट घेतली, तर पुढच्या जुलैपासून वर्षाला सुमारे ६७५ डॉलर जास्त मिळतील. ही गोष्ट कर भरून देणारे फारसे सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारायची.

अर्ज उशिरा केला तर मागचे महिनेही मागता येतात, पण ११ महिन्यांपेक्षा जुना काळ असेल तर मूल तेव्हा तुमच्याकडेच राहत होतं याचे जादा पुरावे लागतात. एरवीही कर खातं अधूनमधून चौकशीचं पत्र पाठवतं, त्याने घाबरून जाऊ नका. भाडेकरार, मुलाचं आणि पालकाचं नाव व घरचा पत्ता असलेलं शाळेचं पत्र, डॉक्टरकडची नोंद, एवढं एका फाइलमध्ये ठेवलेलं असलं की भागतं. घर बदललं की पत्ता त्याच आठवड्यात कळवा. पत्र जुन्या घरी गेलं आणि दिलेल्या मुदतीत उत्तर पोचलं नाही, तर सगळं खरं असूनही पैसे थांबतात.