लगूनचा पॅनोरमा: सकाळी दहाला, सूर्याकडे पाठ करून

गिरगावात माझं फोटो छापायचं दुकान आहे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की लोक लक्षद्वीप, अंदमान, मालदीवचे फोटो घेऊन येतात आणि एक मागणी ठरलेली असते: "ताई, हा सोफ्याच्या वर लावायचाय, सहा फूट लांब काढून द्या." मोबाइलवर झकास दिसणारा तोच पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेलं लांब चित्र, सहा फुटांवर नेला की क्षितिज मध्येच खाली बसलेलं दिसतं, आकाशात गडद पट्टा उमटतो, होडीचं टोक दोनदा आलेलं असतं. आणि ज्या पाण्यासाठी एवढ्या लांब गेले, ते पाणी राखाडी. छापताना यातलं फार थोडं सुधारता येतं. म्हणून जाण्याआधीच हे वाचा.

सगळ्यात आधी वेळ. पहाटेचा आणि संध्याकाळचा सोनेरी उजेडच चांगला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. लगूनसाठी ते विसरा. लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ, शांत पाणी आणि त्याच्या तळाशी पांढरी वाळू. उन्हातला लाल रंग पाणी शोषून घेतं, उरलेला निळा-हिरवा उजेड वाळूवर आपटून परत वर येतो. तो मोरपिशी रंग तिथून येतो. सूर्य खाली असला की बराचसा उजेड पृष्ठभागावरूनच परततो. मग तळ दिसतच नाही, पाण्यात नुसतं आकाश दिसतं.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांचं एक नशीब आहे. तिथली बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्वेच्या अंगाला आणि लगून त्यांच्या पश्चिमेला. अगत्ती, कवरत्ती, कडमत, सगळीकडे हेच. म्हणजे सकाळी लगूनकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य आपोआप पाठीशी येतो. साडेनऊ ते साडेअकरा ही माझी आवडती वेळ. सूर्य पुरेसा वर आलेला असतो आणि पाण्यावरची चकाकी डोळ्यावर येत नाही. दुपारनंतर तोच सूर्य समोर उतरतो आणि रंग जातो. अगत्ती आणि मुंबई जवळपास एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सूर्य साडेबारा-पाऊणच्या सुमारास सर्वात वर असतो. घड्याळाचा अंदाज इथलाच चालतो.

भरती-ओहोटीही बघून ठेवा. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, तिकडे साधारण मीटर-दीड मीटर. पण लगून मुळातच उथळ, म्हणून तेवढ्यानेही फरक पडतो. पूर्ण ओहोटीला प्रवाळाचे तपकिरी खडक उघडे पडतात आणि रंगाचे पट्टे तुटतात. भरती अर्ध्याच्या वर असताना काढा.

आता कॅमेरा. तो उभा धरा. आडवा धरून काढलेला पॅनोरमा लांबच लांब आणि रिबिनीसारखा अरुंद होतो, भिंतीवर त्याला उंचीच राहत नाही. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ४० टक्के भाग पुन्हा घेत आठ फोटो काढले, तर जोडल्यावर रुंदी साधारण २०,८०० पिक्सेल भरते. सहा फुटांच्या छपाईला ती दर इंचाला जवळजवळ २९० पिक्सेल देते. याहून जास्त कुणी मागू नये. लेन्स ३५ मिलिमीटरच्या आसपासची घ्या. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर तेवढ्या आठ फोटोंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धं वर्तुळ मावतं. त्याहून वाइड लेन्स घेतली तर पलीकडच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, जी या चित्राचा जीव आहे, ती दोऱ्याएवढी होऊन जाते.

सगळं मॅन्युअलवर टाका, म्हणजे कॅमेऱ्यावर न सोडता स्वतः ठरवा: एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा). ऑटोवर ठेवलं तर वाळूकडे वळल्यावर कॅमेरा उजेड कमी करणार, गडद पाण्याकडे वळल्यावर वाढवणार, आणि जोडलेल्या चित्रात पट्टे दिसणार. कडक उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८ आणि शटर सेकंदाचा ६४० वा भाग, इथून सुरुवात करा. मग सर्वात उजळ जागा, म्हणजे पांढरी वाळू किंवा फेस, हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, तपासा. वाळू एकदा जळली, म्हणजे नुसती पांढरीफटक झाली, की ती परत येत नाही.

पोलरायझर फिल्टरबद्दल लोक हमखास विचारतात. पाण्यावरची चकाकी तो छान कापतो, तळ उघडा करतो. पण आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून नव्वद अंशांवर सर्वात जास्त, बाकीकडे कमी. रुंद पॅनोरमात मधोमध गडद निळा डाग येतो तो त्याचाच. साठ-सत्तर अंशांपुरतं वळणार असाल तर लावा, आणि एकदा लावल्यावर त्याची रिंग मध्येच फिरवू नका. अर्धं वर्तुळ घेणार असाल तर काढून ठेवा. एप्रिलच्या मध्यात तिथला सूर्य भर दुपारी जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो. तेव्हा क्षितिजालगतच्या आकाशावर परिणाम सगळीकडे सारखा होतो आणि फिल्टर खुशाल चालतो.

ट्रायपॉडचे पाय वाळूत नीट रोवा आणि पाणसळीचा बुडबुडा कॅमेऱ्याचा नाही, ट्रायपॉडच्या माथ्याचा बघा. कॅमेरा सरळ पण खालचा तळ कलता असेल तर पहिल्या फोटोत क्षितिज जागेवर आणि शेवटच्यात वर गेलेलं. जवळ माडाचं खोड किंवा होडी ठेवायची असेल तर कॅमेरा स्वतःच्या नाही, लेन्सच्या पुढच्या भागाखालच्या बिंदूभोवती फिरेल असा बसवावा लागतो, नाहीतर जवळची वस्तू दुहेरी येते, त्यासाठी सरकती पट्टी मिळते. नसेल तर जवळच्या वस्तू तीन-चार मीटर लांब ठेवा. होडीतून मात्र पॅनोरमा काढू नका. पाणी कितीही शांत वाटलं तरी दोन फोटोंच्या मध्ये होडी कलतेच.

फक्त मोबाइल असेल तरी चालेल. उभा धरा, मध्यम उजेडाच्या जागी बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, कोपर अंगाला चिकटवा आणि मोबाइल एका जागी ठेवून त्याच्याभोवती तुम्ही फिरा. हात लांब करून कमरेतून वळलात की जवळच्या गोष्टी तुटतात.

सराव मरीन ड्राइव्हवर करा. पाण्याचा रंग तिथे मिळायचा नाही, पण बाकी सगळं आहे: तोंड पश्चिमेकडे, सकाळी सूर्य पाठीशी, उपसागराचा वाकडा किनारा आणि पायाशी टेट्रापॉड. नरिमन पॉइंटच्या टोकाहून मलबार हिलपर्यंतचा पट्टा घ्या. टेट्रापॉडच्या कडा जिथे दुहेरी जुळतील तिथे तुमचा कॅमेरा चुकीच्या बिंदूभोवती फिरतोय. पट्टी थोडी मागेपुढे करून पुन्हा काढा. चार रविवार हे केलं तर बेटावर हात आपोआप चालेल.

तिथे उंच जागा शोधत बसू नका. ही बेटं समुद्रापेक्षा जेमतेम दोन-चार मीटर वर. मिनिकॉयला मात्र १८८५ चं दीपगृह आहे. वर जायची परवानगी मिळाली तर दुसरं काही नको. लक्षद्वीपला प्रवेशासाठीच परवाना लागतो, तो आधी काढा, आणि ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नका.

एसी खोलीतून थेट बाहेर आलं की लेन्सवर दव धरतं. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास आधी बाहेर आणा. खारा तुषार काचेवर बसतो; तो कोरड्या कापडाने रगडू नका, आधी गोड्या पाण्यात किंचित भिजवलेलं कापड फिरवा.

फोटो जोडायला हगिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लाइटरूममध्येही सोय आहे. प्रोजेक्शन, म्हणजे वळून काढलेलं चित्र सपाट पसरायची पद्धत, सिलिंड्रिकल निवडा. जोड शक्यतो फेसाळ लाटेवर नको, सपाट पाण्यावर येऊ द्या. छापायला आणताना जेपीईजी नको, पूर्ण आकाराची टिफ फाइल आणा, कडा न कापता. क्षितिज सरळ करून कुठे कापायचं ते आपण दुकानात भिंतीचं माप बघून ठरवू.